शेवाळावर झाडलेली गोळी

शुभाकाकू रांगणेकरांनी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. केकमधलंही नाही. अमेरिकेत आल्या दिवसापासून त्या दुकानात दह्याचा डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचत आलेल्या आहेत, कारण इथे दह्यातसुद्धा जिलेटिन घालतात, आणि जिलेटिन म्हणजे उकळलेली हाडं आणि कातडी. अशा बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर कायोटी मारायची गोळी बनवली आणि ती इतकी चांगली बनवली की काउंटीतले शिकारी आज दुसरी गोळी वापरत नाहीत. यात काहीतरी विसंगत आहे असं पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. शुभाकाकूंना वाटत नाही. त्यांच्या मते लोक अर्धी माहिती घेतात आणि उरलेल्या अर्ध्यात धक्का बसवून घेतात.

तर पूर्ण माहिती अशी. शुभाकाकू नागपूरच्या मेटलर्जिस्ट. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. प्रोफेसर हजेरी घेताना त्यांचं नाव शेवटी घेत, म्हणजे तोपर्यंत त्यांनी विचार बदलला असेल तर त्यांना जायला वेळ मिळावा. लग्न डॉक्टरशी झालं. प्रतापकाकांना नोकरी मिळाली ती पश्चिम पेनसिल्वेनियाच्या डोंगरातल्या एका गावात, जिथे कुठलाही अमेरिकन डॉक्टर जायला तयार नव्हता. आणि तिथे पोचल्यावर कळलं की ज्या विषयात पदवी घेतल्याबद्दल नागपुरात लोक काकूंकडे सहानुभूतीने बघत होते, त्या विषयाचं हे गाव म्हणजे माहेरघर. इथे पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा: धातूची भुकटी साच्यात दाबायची, ती वितळू न देता भट्टीत भाजायची, आणि त्यातून गाड्यांची दातेरी चाकं काढायची. काकू कारखान्यात भट्टीवर लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. चाक फुटू नये, चुरा होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली.

मर्ल श्नायडर त्याच कारखान्यात साचे घडवायचा. माल बिघडला की काकू म्हणायच्या साचा वाईट आणि मर्ल म्हणायचा भाजणं वाईट. हे भांडण दोघांनी इतक्या निष्ठेने चालवलं की निवृत्तीनंतर त्याची मैत्री होण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. मर्ल हा शिकारी आणि सापळेवाल्यांच्या स्थानिक संघटनेचा अध्यक्षही आहे. हिवाळ्यात कायोटी मारायचा, कातडं सोलून वाळवायचं आणि फेब्रुवारीतल्या विक्रीला न्यायचं, हा त्या भागातला जुना उद्योग. कायोटी म्हणजे कोल्हा आणि लांडगा यांनी अर्ध्या वाटेवर केलेली तडजोड. इथे त्याच्या शिकारीला बारा महिने परवानगी असते, त्यामुळे तो मारावा की मारू नये ही चर्चा काकूंनी कधी केली नाही. त्यांनी चर्चा केली ती गोळीची.

त्याचं कारण एक गरुड. मार्चमध्ये एका सकाळी तो त्यांच्या मागच्या अंगणात येऊन बसला. पांढऱ्या डोक्याचा, जो या देशाच्या सरकारी शिक्क्यावर छाती काढून उभा असतो तोच. या गरुडाला मात्र छाती काढणं जमत नव्हतं. पाय दुमडलेले, मान लटकलेली, पंख जमिनीवर पसरलेले. प्रतापकाका सपाता घालून जवळ गेले तरी तो हलला नाही. काका म्हणाले, "शुभा, हा पेशंट आहे." ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यांनी तो पक्ष्यांच्या दवाखान्यात नेला. रक्तात शिसं निघालं. शिशाची गोळी जनावरात शिरली की तिचे कण मांसभर पसरतात. शिकारी कातडं घेऊन जातो, धड रानात टाकतो, आणि ते धड गरुड खातो. गरुड वाचला नाही.

पुढच्या महिन्यात शुभाकाकू संघटनेच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि शिशावर बोलल्या. त्याच्या पुढच्या महिन्यातही बोलल्या. उन्हाळा येईतो बैठकीत चहापाण्याच्या आधी शिसं हा विषय आपोआप येऊ लागला. मंडळी सभ्य होती, ऐकून घेत होती. मग एकजण म्हणाला, "मॅडम, मला गरुडाबद्दल तुमच्याइतकंच वाईट वाटतं. पण शिशाशिवायची जी गोळी मिळते ती अख्ख्या तांब्याची. ती आरपार जाते आणि पलीकडे खिडकी पाडते. भोक पडलेलं कातडं घेतो कोण? अशी गोळी आणा जी आत जाईल आणि बाहेर येणार नाही. मग बोलू."

"आणते," काकू म्हणाल्या.

मर्लला हा शब्द ऐकून काय वाटलं कोण जाणे, पण अध्यक्ष म्हणून त्याने तिथल्या तिथे सौदा मांडला. फेब्रुवारीच्या विक्रीत शूच्या (मर्लच्या तोंडी शुभाचं एवढंच उरलं होतं) गोळीने मिळवलेली कातडी टेबलावर येतील. व्यापाऱ्याने ती चांगल्या मालात टाकली तर सगळी संघटना कातड्याच्या शिकारीतून शिसं काढून टाकेल. नाही टाकली, तर शू या हॉलमध्ये शिशाबद्दल पुन्हा कधीही तोंड उघडणार नाही.

"कबूल," काकू म्हणाल्या.

प्रतापकाकांनी पट्टा लावला, गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाले, "शेवटची अट मेडिकली शक्य आहे का, याचा मी विचार करतोय."

तत्त्व सोपं होतं. तांब्याची आणि कथलाची भुकटी एकत्र दाबायची आणि अशी भाजायची की गोळी बंदुकीच्या नळीत टिकेल, हवेत भिरभिरताना टिकेल, पण अंगात शिरली की परत भुकटी होईल. म्हणजे आयुष्यभर जो दोष निघाला म्हणून काकूंनी माल भंगारात टाकला, तोच दोष आता मुद्दाम, नेमका, हवा तेव्हा आणायचा. कारखान्याच्या नव्या मॅनेजरने शनिवारी भुकटी दाबायचा जुना प्रेस वापरायला दिला. मर्लने साचा घडवला. काकूंनी भट्टी लावली. पहिल्याच शनिवारी दोघांचं भांडण झालं, तेव्हा काम नीट चाललं आहे याची प्रतापकाकांना खात्री पटली.

गोळीची परीक्षा घ्यायची तर ती मांसासारख्या कशात तरी झाडावी लागते. जगभर त्यासाठी जिलेटिनचा थिजवलेला ठोकळा वापरतात. काकूंनी ठोकळा घरून करून आणला. मोठा, फिकट, धक्का लागला की थरथरणारा. मर्लने तो कशाचा आहे हे विचारलं नाही, कारण त्याला वाटलं आपल्याला माहीत आहे. काकूंनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मर्लच्या कुरणात, मातीच्या बांधासमोर ठोकळा ठेवला. मर्लने गोळी झाडली आणि ठोकळा अक्षरशः उडाला. बांधावर, गवतात, मर्लच्या टोपीवर तुकडेच तुकडे. त्या सगळ्यात गोळीचा एकही कण सापडेना. काकूंनी निष्कर्ष काढला की गोळीची इतकी बारीक भुकटी झाली की ती दिसत नाही. न सापडणं हाच पुरावा. पुढचे कित्येक शनिवार ठोकळे असेच उडत राहिले आणि दोघं एकमेकांचं अभिनंदन करत राहिले.

नोव्हेंबरमध्ये मर्लची पिकअप काकूंच्या ड्राइव्हवेत येऊन थांबली. मर्लने मागचं फळकूट पाडलं. कायोटी एका कुशीवर पडला होता, हिवाळ्याची दाट राखी लव, कुठे डाग नाही. काकूंच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. मर्लने जनावर दुसऱ्या कुशीवर वळवलं. त्या बाजूला मूठ जाईल एवढं भोक होतं.

"ही तुझी फुटणारी गोळी," मर्ल म्हणाला. "फुटते, नाही असं नाही. निरोप घेऊन दारातून बाहेर पडताना फुटते."

"ठोकळ्यात तर शिरल्या शिरल्या फुटत होती!"

"ठोकळा फुटत होता. गोळी फुटताना तू पाहिलीस?" मर्लने टोपी काढून डोकं खाजवलं. "शू, जिलेटिन असं उडत नाही. ते चिवट असतं. त्यात गोळी रुतून बसते. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कसं केलं होतंस तू ते जिलेटिन?"

"जिलेटिन नव्हतं ते."

"मग काय होतं?"

"अगर-अगर. आमच्याकडे चायना ग्रास म्हणतात. त्याचं पुडिंग छान होतं, आंबा घालून."

"पण ते असतं काय?"

"शेवाळ. समुद्रातलं."

मर्लने कायोटीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. तिथून समुद्र बराच लांब आहे.

"म्हणजे सगळा मोसम," तो म्हणाला, "आपण शेवाळाची शिकार केली."

"मी शाकाहारी आहे, मर्ल. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे गं. याला माहीत नव्हतं."

गॅरेजच्या दारातून प्रतापकाकांच्या हसण्याचा आवाज आला. "अहो, हसताय काय!" असं काकूंनी म्हटलं खरं, पण त्यात नेहमीची धार नव्हती. गोळी जास्त भाजली गेली होती. ती कडक होती, ठिसूळ होतं ते शेवाळ. नागपूरपासून शिकलेलं सगळं पणाला लावून त्यांनी शेवाळ उत्तम फुटतं एवढंच सिद्ध केलं होतं.

मर्ल गेल्यावर काका म्हणाले, "शुभा, सोडून दे. सांग त्यांना, जमलं नाही."

"आणि आयुष्यभर तिथे गप्प बसू?"

काकांनी या शक्यतेचा जरा जास्तच वेळ विचार केला. काकूंच्या ते लक्षात आलं.

"कुठे मिळतं ते जिलेटिन?" त्यांनी विचारलं.

"ते शिजवावं लागतं. वास येतो. तू ढवळणार?"

"मला खायचं नाहीये, ढवळायचंय. गरुड काही माझं ऐकून वरणभातावर येणार नाही. पण एक सांगून ठेवते, माझ्या ओट्यावर नाही, आणि माझं एकही पातेलं नाही."

भांडं मर्लने दिलं. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळायची ॲल्युमिनियमची डेग, खाली गॅसची शेगडी, सगळं गॅरेजमध्ये. दह्याच्या डब्यावर जो शब्द दिसला की काकू डबा परत ठेवायच्या, तोच शब्द छापलेली पोती आता गाडीच्या डिकीतून उतरू लागली. काकू मास्क लावून, जुनी साडी कमरेला खोचून ढवळायच्या, मग तडक अंघोळीला जायच्या. मुलगी रुचा अल्फारेटाला असते. तिने व्हिडिओ कॉलवर हे दृश्य पाहिलं आणि म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट पोस्ट धिस."

एवढ्यावर काकू थांबल्या नाहीत. जनावर म्हणजे नुसता गर नव्हे, वर लव आहे, कातडं आहे. त्यांनी मर्लकडून ते फाटकं कातडं मागून घेतलं, स्वतःच्या शांपूने धुतलं, विंचरलं, आणि चांगला भाग ठोकळ्यावर ताणून बांधला. मर्लच्या बायकोचं म्हणणं, ज्या बाईने तिच्या घरी सँडविचसुद्धा आधी उघडून पाहिलं, तिला कायोटी विंचरताना पाहणं हा तिच्या आयुष्यातला एक मोठा क्षण होता.

आता गोळी कमी भाजली. ती बंदुकीतून निघाली आणि ठोकळ्यापर्यंत पोचलीच नाही; मध्येच हवेत करड्या धुराची एक रेघ उमटली आणि विरली. भिरभिरण्याच्या वेगानेच तिचा चुरा झाला होता.

"ही कुणालाच इजा करत नाही," मर्ल म्हणाला. "शेवटी तू खरी शाकाहारी गोळी केलीस."

"साचा ढिला आहे तुझा."

"भट्टी थंड आहे तुझी."

दोघांचंही खरं होतं, हे त्यांच्या भांडणात पहिल्यांदाच घडत होतं. मर्लने साचा घट्ट केला आणि गोळीवर तांब्याचं पातळ टोपडं चढवलं. काकूंनी भट्टीचा काटा दोन्ही चुकांच्या मध्ये कुठेतरी आणला आणि मग कणाकणाने सरकवत राहिल्या. डिसेंबर संपता संपता एका शनिवारी मर्लने गोळी झाडली तेव्हा ठोकळा जागचा हललासुद्धा नाही. दोघांना वाटलं नेम चुकला. जवळ जाऊन पाहिलं तर कातड्यावर काही दिसेना. आत मात्र मधोमध एक करडा ढग थिजून राहिला होता. पलीकडची बाजू कोरी. काकूंनी सुरीने ठोकळा कापला, हातमोजा काढला, ढगात बोट घातलं आणि चिमूट चोळून पाहिली. रांगोळी. चिमटीतून सरळ रेघ पडेल अशी बारीक, कोरडी रांगोळी. हातमोजा काढल्याचं त्यांच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

जानेवारीत संक्रांतीला दोघं वेस्ट विंडसरला भाचीकडे, आश्लेषाकडे गेली. तिथे प्रतापकाकांनी तिळगुळाचा लाडू हातात घेऊन जाहीर केलं, की गोळीचं रहस्य यातच आहे: हातात टिकतो, तोंडात फुटतो. जमलेल्या मंडळींना हे फारच आवडलं. आपल्या लाडवाने अमेरिकन बंदुकीला शिकवलं, यापेक्षा चांगली बातमी संक्रांतीला काय असणार? दोघांनी फोन काढून लाडवाचे फोटो घेतले.

"अहो, काहीतरी काय सांगता?" काकू म्हणाल्या. "तांब्यात कथील किती मुरतं याचा तो प्रश्न आहे. लाडवाचा काय संबंध?"

"तुझ्या लाडवाचा नाहीच," काका म्हणाले. "तुझा फुटत नाही. पहिली गोळी आरपार गेली ती तुझ्या लाडवावरूनच."

आश्लेषाने खालच्या आवाजात विचारलं, "पण मावशी, तुम्ही शाकाहारी, आणि हे मारायचं काम... मनाला लागत नाही?"

"लागतं ना. कायोटी आपण गप्प बसलो तरी मरणारच आहे, तो माझ्या हातात नाही. त्याच्यानंतर जो मरतो, तो माझ्या हातात आहे." आणि त्यांनी तिच्या हातावर लाडू ठेवला. तो खरंच फुटला नाही.

फेब्रुवारीतली विक्री गावच्या फायर हॉलमध्ये भरते. बंब बाहेर बर्फात, आत लांब टेबलं, कॉफीचा आणि लवेचा मिसळलेला वास. ओहायोहून येणारा व्यापारी व्हर्जिल कमी बोलतो. कातड्यात हात घालतो आणि भोक असेल तिथून त्याची तर्जनी बाहेर येते. ती बाहेर आली की माल खालच्या ढिगात. आजवर कुणीही कितीही बारीक टाके घालून भोक शिवलं तरी ती तर्जनी फसलेली नाही. निकाल लागेपर्यंत काकूंनी एक शब्द बोलायचा नाही, असं मर्लने सकाळीच बजावलं होतं. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शेजारी प्रतापकाका त्यांच्याकडे, एखाद्या पेशंटला प्रथमच नवीन औषध दिल्यावर बघावं तसे बघत होते.

मर्लने आणि आणखी काही जणांनी काकूंच्या गोळीने मारलेल्या कायोटींची कातडी टेबलावर आली. व्हर्जिलने पहिल्यात हात घातला. तर्जनी आतल्या आत फिरत राहिली. बाहेर काही येईना. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तिसऱ्यावर त्याचा हात थबकला. हॉलमधले सगळे खुर्चीत पुढे सरकले. "इथे," तो म्हणाला, मग वाकून पाहिलं. "नाही. जुना चावा आहे. भाऊबंदकी."

त्याने वर पाहिलं. "सापळ्यातले ना?"

"गोळीने मारलेत," मर्ल म्हणाला.

"कुठे लागली?"

"तू सांग."

व्हर्जिलला हे आवडलं नाही. त्याने चष्मा लावला, कातडी एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरली, लवेत फुंकर मारली, दोन्ही बाजूंनी पाहिलं. शेवटी खांद्यामागे त्याला एक जागा मिळाली. मोहरी जाईल की नाही, एवढी. तर्जनीचं टोकही तिच्यात शिरेना.

"याला भोक म्हणायचं तर," तो म्हणाला, "प्रत्येक केसाच्या मुळाला म्हणावं लागेल." आणि सगळा गठ्ठा उचलून त्याने चांगल्या ढिगाच्या अगदी वर ठेवला. मग जाता जाता विचारलं, "ही गोळी करतं कोण?"

हॉलमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी एका साडीकडे बोट दाखवलं. व्हर्जिलने टोपी काढली. ती टोपी त्याने गव्हर्नरसमोर काढली नव्हती, असं मर्ल सांगतो. गव्हर्नर तिथे कधी आल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

मर्लने सौद्याप्रमाणे हात वर करायला सांगितलं. हात वर आले, रांगेने, मागच्या भिंतीपर्यंत. फक्त एक म्हातारे गृहस्थ घुटमळले. "मी शब्दाला जागतो," ते म्हणाले, "पण घरी शिसं पडलंय त्याचं काय करू? मासेमारीच्या गळाला वजन म्हणून वापरू?"

"अजिबात नाही!" शुभाकाकू ताडकन उठल्या. "पाणपक्षी गिळतात ते!"

सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द. त्यानंतरचे पुष्कळ आले. बोलायचा हक्क त्यांनी जिंकला होता आणि तो त्यांनी जागच्या जागी वापरायला घेतला: पाण्यातलं शिसं, रंगातलं शिसं, जुन्या नळातलं शिसं. कॉफी दोनदा नव्याने करावी लागली. कुणी उठून गेलं नाही. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि टाळ्या थांबल्यावर काकू सोडलेल्या वाक्यापासून पुढे सुरू झाल्या. प्रतापकाका हात बांधून, पाय पसरून ऐकत होते. त्यांना सगळं पाठ होतं, तरी त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मार्चमध्ये मर्लचा फोन आला. दोघं त्याच्या कुरणाच्या कडेला गाडी लावून आतच बसली. बांधापलीकडे, जिथे ठोकळे उडाले होते त्याच्या जरा पुढे, मर्लने सोललेला कायोटी टाकला होता. त्यावर गरुड बसला होता. मोठा, पांढऱ्या डोक्याचा, पाय घट्ट रोवलेले. तो मान खाली घालत होता, ओढत होता, मान वर करून गिळत होता.

"यकृत काढलं बघ त्याने," प्रतापकाका डॉक्टरी कौतुकाने म्हणाले. "तुला बघवेल का?"

शुभाकाकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि काढलीच नाही. गरुड जेवत होता. काकूंच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं, जे पंगतीत शेवटची वाढणी करून मागे उभं राहिल्यावर यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर असतं.

"सावकाश होऊ दे," त्या म्हणाल्या.